हैबतीतात्याची चपराक

फार वर्षांपूर्वी, निगडोलीला यायला गाडीवाटसुद्धा नव्हती आणि माणसं खिंड उतरून पायीच यायची, त्या काळात इथं हैबती नावाचा एक न्हावी होता. लहानथोर सगळे त्याला तात्या म्हणायचे. आता नीट मांडी घालून बसा आणि मधे खुसखुसू नका. सुरुवातीला हसू येईल, येऊ द्या, पण पुढं जे आहे ते ऐकून हसणाऱ्याचीच दातखीळ बसते.

तर तात्याचा हात कसा होता? असं म्हणतात, की तात्यानं गालाला पाणी लावलं की माणसाच्या पापण्या जड व्हायच्या आणि वस्तरा फिरायला लागला की माणूस घोरायला लागायचा. गावचे पाटील तर एवढे कडक, की त्यांच्यासमोर कुत्रं भुंकायचं नाही, पण तेही तात्यासमोर मान टाकून झोपायचे. झोपलेल्या पाटलाच्या गळ्यावरून वस्तरा फिरायचा, आणि पन्नास वर्षांत रक्ताचा एक टिपका कुणाच्या उपरण्यावर पडला नाही. तात्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलं होतं, "गिऱ्हाईक झोपलं म्हंजे हात बसला असं समज. जागं ऱ्हायलं तर अजून शीक."

एका आश्विनात सकाळी तात्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवत होता. फिरवता फिरवता वस्तरा हातातून निसटला. तात्या उचलायला वाकला तर हात खाली जाईना, आणि खाली गेला तर वर येईना. उजव्या हातावरून वारं गेलं होतं. वैदू आला, तेल चोळलं, शेक दिला, भैरोबाला नवस बोलले, काही काही झालं नाही. ज्या हातानं सारं गाव झोपवलं तो हात दोरी तुटलेल्या पोहऱ्यासारखा लोंबत राहिला. तात्यानं तो जुन्या उपरण्यात बांधून गळ्यात अडकवला. जेवायचं डाव्या हातानं, आणि उजव्या बोटांवर माशी बसली तरी ती डाव्या हातानंच हाकलायची.

तात्याला मुलगा नव्हता. एकच लेक, सारजा. ती खिंडीपलीकडच्या गावी दिली होती, आणि तिचा नवरा केरबा. जातीनं न्हावीच, पण त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या देवळातली सनई. आज्यानं सनई वाजवली, बापानं वाजवली, केरबानंही सनईच वाजवली. वस्तरा त्यांनी पाहिला तो फक्त स्वतःची दाढी करून घेताना. पण त्या काळी एका गावचा न्हावी दुसऱ्या गावच्या दाढीला हात लावत नसे, तसा रिवाजच होता. गाव बिनन्हाव्याचं कसं राहणार? मग तात्यानं निरोप धाडला आणि केरबा घरजावई होऊन आला. एका काखेत सनई, दुसऱ्या काखेत वळकटी, आणि तोंडभर हसू. उंचापुरा गडी, मनानं अगदी निर्मळ, आणि हौस तर काय विचारता! आल्या आल्या म्हणाला, "मामा, वस्तऱ्याची धोकटी कुठाय?"

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं काही उमगणार नाही. आपल्याकडं जावई म्हणजे कोण? त्याला आधी पाट, आधी ताट. तो दारात आला की सासऱ्यानं उठून उभं राहायचं. जावई चुकला तरी सासऱ्यानं त्याला चुकलास म्हणायचं नाही. आणि चुकून म्हटलं तर जावई रुसतो, ताटावरून उठतो, वहाणा घालून चालू पडतो, आणि लेक दारात उभी राहते ती राहतेच. तात्यानं असं एक घर पाहिलं होतं. त्याची सख्खी बहीण. एका शब्दापायी तिचा नवरा ताटावरून उठून गेला, आणि ती माहेरी बसली ती केस पांढरे होऊन मरेपर्यंत. त्या बहिणीचं तोंड तात्याच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

आता अशा जावयाला वस्तरा शिकवायचा!

पहिल्या दिवशी तात्यानं कोहळा मागवला. वस्तरा शिकायचा तो कोहळ्यावर. पांढरी भुकटी धरलेला, बारीक लव असलेला कोहळा मांडीवर घ्यायचा आणि लव न् भुकटी तेवढी उतरवायची. सालीवर ओरखडा उठला तर तो कोहळा फुकट. तात्या स्वतः सहा महिने कोहळे तासत होता, आणि ओरखडा उठला की बापाच्या हातचा पट्टा पाठीवर बसायचा.

केरबानं कोहळा घेतला, मांडी ठोकली आणि वस्तरा असा चालवला, की तात्याला बघवेना. वस्तरा निजवून धरायचा असतो, याचा उभा. वस्तऱ्यानं पुढं जायचं असतं, याचा आडवा सरकतोय. दाबायचं नसतं, हा तर कणीक तिंबल्यासारखा दाबतोय. बघता बघता कोहळ्यातून पाणी ठिबकायला लागलं. केरबानं तो वर धरला आणि विचारलं, "कसा काय, मामा?"

तात्याच्या ओठांवर आलं होतं, निजव रं गाढवा, निजव! पण समोर जावई होता, आणि चुलीपाशी सारजा. तात्या म्हणाला, "झ्याक, पाव्हणं. लई झ्याक."

बस्स. तो एक शब्द सुटला आणि पुढचं सगळं त्यातून झालं. त्या घरात महिनाभर कोहळ्याची भाजी, कोहळ्याचे सांडगे आणि कोहळ्याचे वडे होत होते, असं म्हणतात. आणि रोजच्या कोहळ्याला रोजचं "झ्याक". पट्ट्यावर वस्तरा उलटा फिरवून केरबानं चामड्यावर चिरा पाडल्या, तरी तात्या म्हणाला, "झ्याक, जरा जुनाच व्हता तो." महिन्यानं केरबा म्हणाला, "मामा, कोहळा झाला. आता माणूस पायजे."

माणूस कोण मिळणार? तात्यानंच गाल पुढं केला.

काय सांगू तुम्हाला! ज्या माणसानं पन्नास वर्षं गाव झोपवलं, तो डोळे टक्क उघडे ठेवून बसला होता. पाती गालाला लागली आणि तात्याला कळलं की ती उभी आहे. मग चर्र झालं. मग हनुवटीखाली चर्र झालं. गळ्याची घाटी वर गेली ती खाली यायला धजेना. सारजा पदर तोंडात धरून बघत होती. शेवटी केरबानं आरसा पुढं धरला. आरशात तात्याला आपली दाढी दिसलीच नाही, नुसता लाल रंग दिसला. तुरटी फिरवली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं.

"कशी झाली, मामा?"

"झ्याक," तात्या म्हणाला.

केरबा खूश होऊन सनई वाजवायला देवळात गेला. सारजा बापाजवळ आली आणि तिनं विचारलं, "तात्या, खोटं का बोलता?"

"जावयाला कसं बोलू, पोरी? तुझी आत्या इसरलीस व्हय? उठून गेला तर तुझं काय हुईल?"

"माझं हुईल ते हुईल. मी बोलले त्यास्नी. हसले नुसते. म्हणाले, तुझा बाप पन्नास वर्स वस्तरा धरतोय, त्यो झ्याक म्हणतोय, आन् तू कोण?"

तात्यानं तुरटी पुन्हा गालावर फिरवली.

मग गाव. आता तुम्ही म्हणाल, गावातल्या कुणीतरी सांगायचं! अहो, सारजा गावची लेक, मग केरबा गावाचाच जावई झाला की. गावाच्या जावयाला नावं ठेवायची? सगळ्यांत आधी पाटील दाढीला बसले. झोप तर लांबच, पाटलांनी ओसरीचा खांब घट्ट धरून ठेवला होता. कानापासून हनुवटीपर्यंत तीन रेघा उमटल्या. केरबानं विचारलं, आणि ज्यांच्यासमोर कुत्रं भुंकत नाही ते पाटील तोंड दाबत म्हणाले, "झ्याक." पाटील म्हणाले म्हणून मग सगळेच म्हणाले. वाण्याच्या दुकानातली तुरटी संपली. मग एकेकानं नवस काढले. याला म्हैस व्यायपर्यंत दाढी ठेवायची होती, त्याला विहिरीला पाणी लागेपर्यंत. चार महिन्यांत निगडोलीत दाढीशिवाय बाप्या दिसेना. असं म्हणतात, की खिंड उतरून आलेला एक वाटसरू वेशीपाशी पार गोंधळून गेला. हे गाव बैराग्यांचं आहे असं वाटून तो भेटेल त्याच्या पाया पडत गेला, अगदी गुराख्याच्यासुद्धा.

हसलात ना? हसून घ्या. आता चैत्र येतोय.

चैत्रात भैरोबाची जत्रा भरते. त्या दिवशी भैरोबाच्या पायरीवर वर्षभरातल्या पोरांची जावळं काढतात. पोर मामाच्या मांडीवर, आई समोर, आणि पहिलं जावळ सगळ्यांत धाकट्या पोराचं. त्या वर्षी सगळ्यांत धाकटं पोर रंभा कुंभारणीचं होतं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेलं. रंभा त्याला खालीसुद्धा ठेवत नसे. पाच महिन्यांचं पोर, आणि पाच महिन्यांच्या पोराची टाळू कशी असते, ठाऊक आहे? भरलेली नसते. वरून नुसती कातडी, आणि खाली जीव धडधडताना दिसतो. तिथं वस्तरा फिरवायचा.

तात्याला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. माणसाच्या गालावरची रेघ चार दिवसांत भरते, पण टाळूवर उभी पाती पडली तर काय होईल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सारजा येता जाता एवढंच म्हणायची, "तात्या, रंभाचं पोर." तात्या म्हणायचा, "सांगतो. आज सांगतो." संध्याकाळी केरबा धोकटी पुसत विचारायचा, "मामा, जावळाचं काय येगळं असतंय का हो?" आणि तात्या घाबरून म्हणायचा, "हळू हात ठिवा म्हंजे झालं. तुमचा हात झ्याकच हाय." असं बोलून तो भिंतीकडं तोंड करायचा. इतका भित्रा होता का तात्या? होता. लेकीसाठी भित्रा होता.

जत्रेचा दिवस उजाडला. ढोल, झांजा, नारळांचा खच. सगळं गाव पायरीभोवती गोळा झालं होतं, सगळे दाढीवाले, आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. रंभाचा भाऊ पोराला मांडीवर घेऊन बसला. तात्या दीपमाळेला टेकून पायरीपासून दोन हात अंतरावर बसला होता. त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, पाती टेकायच्या आधी ओरडायचं. लेक गेली तर जाऊ दे, पण ओरडायचं.

केरबानं पोराच्या डोक्याला पाणी लावलं. पोर खुदकन् हसलं. केरबानंही हसून वस्तरा उघडला आणि टाळूवर आणला. उभा! सुरीसारखा उभा!

तात्या उठला. त्यानं तोंड उघडलं, सगळा जीव गोळा करून ओरडला, आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "झ्या..."

अरे देवा! चार-पाच महिने तोच शब्द घोकलेली जीभ, तिला दुसरं काही येईचना. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. आणि केरबा ते ऐकून मान डोलवत खाली वाकला.

तेव्हा ते झालं. असं म्हणतात, की गळ्यातलं उपरणं फाटल्याचा आवाज आधी आला. जो हात माशी हाकलत नव्हता, तो तात्याचा उजवा हात झोळीतून सुटला, वर गेला, आणि फाडकन् केरबाच्या गालावर बसला.

तो आवाज खिंडीपलीकडं तीन गावांत ऐकू गेला असं म्हणतात. देवळावरची पारवी उडाली. ढोलवाल्याची टिपरी वरच्या वर राहिली. वस्तरा उडून पायरीवर आपटला आणि पायरीचा टवका उडाला. तो टवका आजही दिसतो, जाऊन बघा. आणि हात? हात तेवढं एक काम करून पुन्हा मेल्यासारखा खाली लोंबला.

हात वर आला याचं नवल करायचं, की सासऱ्यानं जावयाला मारलं याचं, हेच कुणाला कळेना. सासऱ्यानं! जावयाला! भर जत्रेत, देवाच्या दारात! बायकांनी तोंडात बोटं घातली. एक म्हातारा तर मटकन् खालीच बसला. सारजा दगडासारखी उभी होती. पाटील डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेऊन पुढं झाले, जावयाच्या पायावर ठेवायला. आता काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. जावई वहाणा घालणार, खिंड चढणार, आणि सारजा तिच्या आत्यासारखी उंबऱ्यात म्हातारी होणार.

केरबा गालावर हात ठेवून उभा होता. त्यानं एकवार पोराकडं पाहिलं. मग पाटलांकडं पाहिलं, आणि पाटलांच्या वाढलेल्या दाढीतून दिसणारे त्या तीन रेघांचे वण त्यानं जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मग पलीकडच्याची, मग त्याच्या पलीकडच्याची तोंडं पाहिली.

"पाटील," तो म्हणाला, "देवाच्या दारात हाय. खरं सांगा. दाढी कशी व्हती?"

पाटलांनी दाढी चाचपली. "बैल उधळल्यावर नांगर कसा जातू, तशी."

आणि मग गावाचा बांध फुटला. वाणी ओरडला, माझा कान बघ! सुतार म्हणाला, मला नवस न्हाई रं, मला भ्या वाटतंय! चार महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. केरबा ऐकत राहिला. सगळे बोलून दमले तेव्हा तो चालत तात्यापुढं आला. चार बोटं गालावर लालबुंद उमटली होती. लोकांनी डोळे मिटून घेतले.

केरबा म्हणाला, "मामा, ही पहिल्या दिवशी का न्हाई मारलीत?"

आणि त्यानं तात्याचा तो लोंबणारा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. तात्या लहान पोरासारखा रडला. रंभा पोराला छातीशी धरून रडली. पाटलांनी घाईघाईनं पागोटं परत डोक्यावर ठेवलं, कुणी बघितलं नाही असं समजून.

त्या वर्षी भैरोबाच्या पायरीवर एकही जावळ निघालं नाही. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. म्हातारी माणसं हादरली, देव कोपणार म्हणाली. पण पाटलांनी सांगितलं, देव थांबेल एक वर्ष. आणि देव थांबला. अजून जुन्या घरांत "बिनजावळाच्या साली" अमकं झालं असं म्हणतात ते याच्यावरूनच.

दुसऱ्या दिवसापासून तात्याच्या ओसरीवरून जो आवाज यायला लागला, तो पाणवठ्यावर ऐकू जायचा. जावईबापू गेले, पाव्हणं गेलं, आता नुसता केऱ्या!

"केऱ्या, निजव! पातीला झोप लागली पायजे!"

"निजवली, मामा."

"ही निजली व्हय? ही तर उठून पाणी मागतीया! पुन्यांदा!"

पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाठ पुढं, धार मागं, हे केरबा पंधरा दिवस शिकला. कातडी डाव्या बोटांनी ताणून धरायची, हे शिकला. सगळ्या गावानं परसात कोहळ्याचे वेल लावले. ओरखडा उठला की कोहळा परत, आणि आणणाराही तोंडावर सांगायचा, "केरबा, वाईट झाला." केरबा म्हणायचा, "व्हय, वाईट झाला." आधी लोक बिचकत बिचकत सांगायचे, मग त्याची सवय झाली.

तरी एक गोष्ट त्याला जमेना, हलका हात. दाबायचा. हात जडच्या जड. आषाढ गेला, श्रावण गेला. तात्या ओरडून ओरडून घोगरा झाला. एके दुपारी केरबानं वस्तरा ठेवला, चिडून सनई घेतली आणि वाजवत बसला. तात्या त्याच्या बोटांकडं बघत राहिला. बोटं सनईच्या भोकांवर नुसती टेकत होती आणि उठत होती.

"थांब!" तात्या किंचाळला. "केऱ्या, मुडद्या, असली हलकी बोटं असून मला छळलंस व्हय रं इतके दिस? सनई ठिव. तसाच हात ऱ्हाऊ दे. आता वस्तरा घे!"

केरबानं वस्तरा घेतला, सनईवर बोट टेकतं तेवढाच टेकला. कोहळ्यावरची लव अलगद उतरली. साल जशीच्या तशी राहिली. केरबानं वर पाहिलं. तात्यानं नाक उडवलं आणि म्हणाला, "दुसरा आण." झ्याक म्हणाला नाही. त्या वर्षात तो शब्द त्यानं उच्चारला नाही.

पुन्हा चैत्र आला. बिनजावळाची पोरं आता चालत होती, काहींच्या तर वेण्या घातल्या होत्या. पायरीवर पहिलं कोण? गेल्या सालचा मान राहिला होता, म्हणून सगळ्यांनी रंभाकडं पाहिलं. रंभानं पोराच्या जावळावरून एकदा हात फिरवला आणि त्याला भावाच्या मांडीवर दिलं. केरबानं पाणी लावलं. ढोल आपोआप थांबला. कुणी पापणी हलवली नाही. वस्तरा टेकला, निजला, आणि काळ्याभोर जावळाच्या बटा पायरीवर पडायला लागल्या. पोर रडत का नाही म्हणून रंभा वाकून बघायला गेली, तर पोर झोपलं होतं.

मागची आणि त्या सालची मिळून एकवीस जावळं निघाली. एक पोर रडलं नाही. बाप्यांच्या दाढ्याही त्याच दिवशी उतरल्या, आणि नवस कुठं गेले ते कुणी विचारलं नाही.

सगळं आटोपल्यावर तात्या पायरीवर येऊन बसला. "माझी कर," म्हणाला. मांडी घातली, मान मागं टाकली आणि डोळे मिटले. केरबानं गालाला पाणी लावलं. वस्तरा कानाजवळून खाली आला, हनुवटीला वळला, गळ्याच्या घाटीवरून वर गेला. आणि तात्या घोरायला लागला. केरबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात हलला नाही. सगळ्या गावानं ते घोरणं ऐकलं. पाटील हळूच म्हणाले, "बसला हात."

मग घोरणं थांबलं.

केरबानं शेवटचा हात फिरवला आणि हाक मारली, "मामा." पुन्हा मारली. खांद्याला हलवलं. तात्याची मान एका अंगाला कलली. गर्दीतून कुणीतरी किंचाळलं, "कापला! सासरा कापला!" आणि एकच हलकल्लोळ उडाला. माणसं मागं सरली, बायका पोरांचे डोळे झाकायला लागल्या. केरबा वस्तरा हातात धरून पांढराफटक पडला. त्याला स्वतःलाच कळेना, की हे आपण केलं की काय. सारजा गर्दीतून वाट काढत आली. तिनं पदरानं बापाचा गळा पुसला. या कानापासून त्या कानापर्यंत पुसला. पदर सगळ्यांना दिसेल असा वर धरला. पदर कोरा होता. नुसतं पाणी.

तात्या झोपेतच गेला होता. आणि लोक जवळ आले तेव्हा त्यांना दिसलं, की त्याचा उजवा हात, तोच मेलेला हात, केरबाच्या गुडघ्यावर तळवा टेकून पडला होता. तो तिथं कुणी ठेवला नव्हता. आपण होऊन आला होता, असं म्हणतात.

त्या दिवसापासून निगडोलीत नवशिक्याच्या पहिल्या कामाला कुणी झ्याक म्हणत नाही. सुतार असो, शिंपी असो, चुलीपाशी बसलेली नवी सून असो. आधी चूक सांगायची, मग पाणी द्यायचं. आणि लग्न असलं की नवऱ्यामुलाची दाढी भैरोबाच्या त्या टवका उडालेल्या पायरीवर होते. वस्तरा उघडायच्या आधी मुलीचा बाप पुढं येतो, आपला उजवा हात एकदा खाली लोंबता सोडतो, मग उचलतो आणि जावयाच्या ओल्या गालावर एक ठेवून देतो. तिला तात्याची चपराक म्हणतात. हळू नसते, बरं का. परगावची वऱ्हाडं हबकून उठून उभी राहतात, करवल्या किंचाळतात, वरबाप धावून येतो. नवऱ्यामुलाचे तर डोळेच पांढरे होतात. त्याला आधी कुणी काही सांगत नाही, तसाच रिवाज आहे. काय म्हणायचं ते न्हावी मग हळूच त्याच्या कानात सांगतो, आणि ते म्हटल्याशिवाय वस्तरा उघडत नाही.

तो गाल चोळत सासऱ्याकडं बघून म्हणतो, "पहिल्याच दिवशी मारलीत, मामा. लई बरं केलंत."